खर्ऱ्याची पन्नी आणि गुहागरचा समुद्र

फेब्रुवारीत ताईकडे गुहागरला गेलो होतो. नागपूरचा माणूस समुद्र पाह्यला की कसा येड्यासारखा करते ते सांगायची गरज नाही, चाळिशी उलटली तरी पँट गुडघ्यापर्यंत वर करून उभा. पण रविवारी सकाळी साडेसहाला भाऊजींनी उठवलं, म्हणे वाडीतले सगळे किनाऱ्यावर कचरा उचलायला जातात, पाहुण्यांना सूट नाही. मी म्हटलं अर्धा तास जाऊ, फोटो-बिटो काढू आणि येऊन घावनं खाऊ. तीन तास वाकून होतो बाप्पा.

काय काय निघालं सांगतो. बाटल्या सगळ्यात कमी, कारण त्याला भाव आहे, कोणी ना कोणी आधीच उचलून नेतो. राहते ते, ज्याला कुत्रंही विचारत नाही. गोळ्यांची रिकामी पाकिटं, एकेकटी चप्पल (जोडी कधीच नाही), थर्माकोलचा चुरा, आणि नायलॉनची दोरी. ती हिरवी दोरी वाळूतून चार बोटं वर दिसते, वाटते सहज उचलू, ओढायला गेलं तर येतच राहते, मग दोघं लागतात, मग फावडं आणा, आणि शेवटी अख्खं जाळं निघते, ओलं, वाळूनं भरलेलं, भिजलेल्या गादीसारखं जड. आणि दुधाच्या पिशवीचे कोपरे! आपण कात्रीनं टिचकन कापून टाकतो ना, तो नखाएवढा तुकडा. भाचीनं एकटीनं मूठभर जमवले होते.

आता खरी गोष्ट. खिशात खर्रा होता, म्हणजे तंबाखू-सुपारी-चुना घोटून पन्नीत, पातळ प्लास्टिकच्या पिशवीत, बांधून देतात तो. नागपूरहूनच स्टॉक नेला होता (हसू नका). तोंडात टाकला आणि हाताला सवय ती सवय, पन्नी खाली. कचरा उचलता उचलता! भाची मागंच उभी. "मामा, ही पिशवी आत्ता तूच टाकलीस ना?" मी म्हटलं, पन्नी उडाली गं. "पन्नी म्हणजे?" तिला शब्दच माहीत नाही. मग अख्ख्या वाडीसमोर मला पन्नी म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं. भाऊजी म्हणाले, "अहो, नागपूरचा कचरा आमच्याकडे येत नाही असं मला वाटत होतं, तुम्ही तर खिशातून घेऊन आलात!"

भूगोलाच्या हिशोबानं भाऊजींचं चूक नाही. आपली नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान आंभोऱ्याजवळ वैनगंगेला, पुढं गोसीखुर्दचं धरण, मग प्राणहिता, मग गोदावरी, आणि शेवट पार आंध्रात बंगालच्या उपसागरात. म्हणजे आपली पन्नी गुहागरला नाही, दुसऱ्याच कोणाच्या दारात जाऊन पडते. गोसीखुर्दला बरंच अडकते, पण पावसाळ्यात तिथले ३३ दरवाजे उघडले की पुढं मोकळा रस्ता. आणि समुद्र काही आपला-तुपला पाहत नाही. २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर टॅग लावलेली एक ऑलिव्ह रिडले कासवीण २०२५ च्या जानेवारीत चक्क गुहागरला अंडी घालायला आली. भाऊजींनीच सांगितलं, आणि सांगताना आवाज असा की जणू घरचीच लेक माहेरपणाला आली.

आपल्याकडं नागपुरात पाडव्याला, म्हणजे तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, मारबतीचा मोठ्ठा पुतळा मिरवत ओरडतो ना आपण, "ईडा पिडा घेऊन जा गे मारबत!" मारबतीपुरतं ठीक आहे, ती जाळून टाकतो आपण. पण आपण नालीलाही मारबतच समजून राहिलो. टाकलं पाण्यात, गेलं गावाबाहेर, सुटलो. २३ सप्टेंबर २०२३ ला काय झालं आठवते ना? रात्रीतून पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो, नाग नदी लोकांच्या हॉलमध्ये. आमच्या घरात गुडघाभर पाणी होतं. पाणी उतरल्यावर गेटच्या जाळीला पन्न्या अशा लटकून होत्या जसे वाळत घातलेले पापड. फ्रिज गेला, सोफा गेला, ह्या मात्र धडधाकट! पाणी वरून पावसानं आलं ते खरंच, पण नाल्या तुंबवायला पावसानं नव्हतं सांगितलं.

त्यानंतर आमच्या लेआऊटमध्येही स्वच्छता मोहीम झाली. चाळीस-पन्नास जण, सगळ्यांना एकसारखे टी-शर्ट, प्लास्टिकमुक्तीचा बोर्ड फ्लेक्सचा (म्हणजे प्लास्टिकचाच), प्यायला पाण्याच्या छोट्या बाटल्या. पोती भरली, नाल्याकाठी रचली, फोटो झाले, पोहे झाले, सगळे घरी. पोती न्यायला कोणी आलंच नाही. कुत्र्यांनी फाडली, पाऊस आला, माल परत नाल्यात. मीही होतो त्या फोटोत, दुसऱ्या रांगेत.

गुहागरमध्ये पाह्यलं ते वेगळं होतं. कचरा तिथंच वेगवेगळा करतात. बाटल्या भंगारवाल्याकडे, जाळी-दोऱ्या वेगळ्या, चप्पल वेगळी. अडते ते चिप्स-बिस्किटांच्या पाकिटांवर. त्यात प्लास्टिक आणि चमकीचे थर एकमेकांना असे चिकटवलेले असतात की सुटे करता येत नाहीत, म्हणून भंगारवाला हात लावत नाही. फार तर सिमेंटच्या भट्टीत जळण म्हणून जातात, पण गुहागरहून एवढ्याशा मालासाठी गाडी कोण करणार? भाऊजींच्या पडवीत तीन पोती भरून पडली आहेत, ताई रोज बोलते. कायद्यात तर आहे की बनवणाऱ्या कंपनीनं माल परत गोळा करायचा, २०१६ च्या नियमांतच आहे. पण पडवीत कंपनी येत नाही, ताईचे टोमणे येतात.

मला विचाराल तर मोहीम करायची असेल तर एकदाच पाचशे लोक नकोत, दर रविवारी पंधरा पुरे, तीच जागा, तेच लोक, आणि पोती कुठं जाणार ते आधी ठरलेलं. मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर वकील अफरोज शाह यांनी २०१५ मध्ये सफाईचं काम सुरू केलं ते असंच, आठवड्यामागून आठवडा, आणि २०१८ मध्ये तिथं कासवाची पिल्लं दिसली. त्याच वर्षी आपल्या राज्यात प्लास्टिकबंदी आली, मग २०२२ ला केंद्राचीही आली. पहिल्या वेळी पाच हजार दंड. तो भाजीवालीला दाखवतात, तिच्या हातातली पन्नी बनते कुठं ते कोणी विचारत नाही.

असो. परत आल्यावर ठरवलं, खर्रा सुटेल तेव्हा सुटेल, पन्नी तर सोडू. स्टीलची डबी घेऊन ठेल्यावर गेलो. तशी खर्ऱ्यालाही बंदी आहे आणि पन्नीलाही, पण ठेला जोरात चालू. म्हटलं, भाऊ, याच्यात दे. तो पाहतच राह्यला. "डबीत देतो ना, पण घोटाव तर पन्नीतच लागते." मस्त घोटला, डबीत भरला, झाकण लावून माझ्या हातात दिला, आणि ती पन्नी चुरगाळून माझ्यासमोरच मागच्या नालीत टाकली.