चारात एक म्हणजे नेमकं काय?

मागच्या आठवड्यात बाजारात जुना विद्यार्थी भेटला. बारावीचं जीवशास्त्र माझ्याकडेच शिकलेला. त्याचा पहिला मुलगा सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराने ग्रस्त, म्हणजे आमच्या चंद्रपूरकडे सरळ म्हणतात तसा 'एसएस'. बायकोला पुन्हा दिवस गेलेत. मी काही विचारायच्या आत तोच म्हणाला, "सर, तुमीच तं शिकवलं होतं, चारात एक. तो एक होऊन गेला. आता पुढचे तिघं चांगलेच निंघतीन."

मी भाजीची पिशवी खाली ठेवली.

खरं सांगू? चूक माझी आहे. वर्षानुवर्षं फळ्यावर चार घरांची चौकट काढतो, एए (निरोगी), एएस, एएस (वाहक, म्हणजे सिकलचं एकच जनुक असलेले), एसएस (आजारी) भरतो, खाली 1:2:1 लिहितो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. पोरांच्या डोक्यात ती चार घरं म्हणजे चार मुलं होऊन बसतात.

त्याला तिथेच समजावलं. आईकडे जनुकांच्या दोन चिठ्ठ्या, बापाकडे दोन. दोघेही वाहक असले तर प्रत्येकाकडे एक चांगली, एक सिकलची. गर्भ राहतो तेव्हा दोघांकडून एकेक चिठ्ठी निघते. दोन्ही सिकलच्या निघाल्या तर मूल एसएस. पण निघालेली चिठ्ठी संपत नाही रे बाबा, पुढच्या खेपेला डबा पुन्हा तसाच भरलेला! म्हणून दुसऱ्या वेळीही 25 टक्के आणि पाचव्या वेळीही 25 टक्केच. लुडोत एकदा सहा पडला म्हणून पुढच्या पाच डावांत तो पडणार नाही, असं कोणी धरतं का?

घरी येऊन आकडेमोड केली. आईबाप दोघे वाहक आणि मुलं चार, तर बरोबर एकच आजारी निघण्याची शक्यता फक्त 42 टक्के. एकही आजारी नसण्याची 32. उरलेले 26 टक्के दोन किंवा जास्त मुलं आजारी असण्याचे. मेंडेलने वाटाण्याच्या 7,324 बिया मोजल्या, त्यात 5,474 गोल आणि 1,850 सुरकुतलेल्या निघाल्या, तेव्हा कुठे चौकटीतल्या तीनास एकच्या जवळचं 2.96:1 दिसलं. घरात मुलं असतात दोन. तिथे कसलं आलंय प्रमाण!

आणखी एक. त्याची आई म्हणे सुनेच्या माहेरच्या रक्ताला बोल लावते. माउली, एसएस नातवाला सिकलचं एक जनुक तुमच्या लेकाकडूनही आलंय, त्याशिवाय तो एसएस झालाच नसता. वाहक माणूस शेतात राबतो, पोरं सांभाळतो, त्याला बहुधा कधी कळतही नाही. उलट हे एक जनुक जिवघेण्या मलेरियापासून थोडं संरक्षण देतं, म्हणून तर मलेरियाच्या पट्ट्यांत ते पिढ्यान्‌पिढ्या टिकलं. दोष द्यायचाच तर डासाला द्या.

या गर्भाची तपासणी करता येते. दहा-बारा आठवड्यांच्या सुमारास वारेच्या पेशी घेऊन करतात. करायची की नाही, आणि नंतर काय, हे त्या दोघांनी डॉक्टरांशी बोलून ठरवायचं. तिथे मास्तराने तोंड घालू नये.

पण निघता निघता तो सहज बोलला की साळीचं लग्न जमतंय. बायकोचा भाऊ एसएस, ही धाकटी मात्र ठणठणीत. मी विचारलं, ती वाहक असण्याची शक्यता किती? म्हणाला, "अर्धी." चौकटीतली दोन घरं एएसची, म्हणून अर्धी. पण ती आजारी नाही हे आपल्याला ठाऊक आहे, म्हणजे एसएसचं घर आधीच खोडलं. उरली तीन. त्यातली दोन वाहकांची. तिघांत दोन!

"तिची तपासणी केली?"

"नाही सर. तिले त काहीच तरास नाही."

मुलाकडच्यांनी पत्रिका मागवून घेतली आहे म्हणे. काल त्याचा फोन आला, सोमवारी दोघांनाही, साळीला आणि होणाऱ्या नवरदेवाला, प्राथमिक आरोग्य केंद्रात नेतोय. नवरदेव थोडा रुसलाय.