‘उंदीर’ या शब्दाबद्दल

सर,

तुमचा प्रतिसाद रविवारी नाइट ड्युटी संपवून आल्यावर वाचला. तेव्हाच उत्तर लिहायला बसले असते तर तोल गेला असता, म्हणून दोन दिवस थांबले.

इतर वाचकांसाठी थोडक्यात : नवजात बाळांच्या क्लिनिकल ट्रायलमध्ये (म्हणजे कोणता उपचार बरा हे बाळांच्या गटांची तुलना करून तपासणाऱ्या अभ्यासात) रिसर्च डॉक्टर म्हणून मी काय काम करते, ते मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर सर लिहितात, “कुठल्या बाळाला कोणता उपचार हे तुम्ही चिठ्ठी काढून ठरवता, म्हणजे गरिबांची लेकरं तुमच्यासाठी उंदीरच. संमतीच्या चौदा पानी फॉर्मवर मजूर बाप सही करतो, त्याला काय कळतं? आणि अभ्यास संपल्यावर त्या मुलांकडे कोण बघतं?” शिवाय मी बाळांना ‘सब्जेक्ट’ म्हटलं, याचाही त्यांना राग आला आहे.

तो राग रास्त आहे. वॉर्डात दिवसभर तोच शब्द कानावर असतो, तसाच लेखात उतरला. तो काढून तिथे ‘बाळं’ केलं आहे.

पण ‘उंदीर’? सर, तुम्ही शिक्षक होतात असं तुम्हीच लिहिलंय. मग शब्द जपून वापरावा हे मी तुम्हाला सांगायचं का?

चिठ्ठी कधी निघते? यातला कोणता उपचार बरा हे कुणालाच ठाऊक नसतं तेव्हा. जन्मतः न रडलेल्या, मेंदूला प्राणवायू कमी पडलेल्या बाळाला ७२ तास ३३-३४ अंशांपर्यंत थंड ठेवायचं, हा उपचार श्रीमंत देशांत ट्रायलमधूनच सिद्ध झाला. आपल्याकडेही काही ठिकाणी तो सुरू झाला होता. तिकडे बाळं वाचतात म्हणजे इकडेही वाचतील, असं मलाही वाटायचं. मग भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या सात एनआयसीयूंमध्ये, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागांमध्ये, ४०८ बाळांची ‘हेलिक्स’ ट्रायल झाली. २०२१ मध्ये निकाल छापून आला. थंड ठेवलेल्या बाळांपैकी ४२ टक्के दगावली होती, नेहमीची देखभाल मिळालेल्यांपैकी ३१ टक्के. चिठ्ठी न काढता सरसकट सगळ्यांना थंड केलं असतं, तर ते मृत्यू आजाराच्या खात्यावर गेले असते. कुणाला शंकासुद्धा आली नसती. तुमच्या हिशेबात तो प्रयोग ठरला नसता, कारण फॉर्मच नसता!

आता घरचं सांगते. माझा थोरला भाऊ १९८१ साली तालुक्याच्या गावी एका खासगी दवाखान्यात जन्मला. सातव्या महिन्यात, सव्वा किलोचा. आई सांगते, पंधरा दिवस प्राणवायू चालू होता, आणि डॉक्टर इतके मायाळू की रात्र रात्र उशाशी बसायचे. बाळ जगलं. डोळे गेले. ते त्या प्राणवायूने गेले असणार, हे घरात कळलं मी एमबीबीएसला तिसऱ्या वर्षाला असताना. आई त्या दिवशी जेवली नाही. दादा अजून जिन्यात माझी चप्पल वाजली की दार उघडायच्या आत “आलीस?” म्हणतो. ‘तुमच्यासारख्यांच्या घरात असं झालं असतं तर’ हे वाक्यही तुमच्या प्रतिसादात होतं, म्हणून हे लिहिलं. नाहीतर लिहिणार नव्हते.

असाच सढळ हाताने दिलेल्या प्राणवायूमुळे १९४० आणि ५० च्या दशकांत जगभरात सुमारे १०,००० बाळं आंधळी झाली. त्या काळात वॉशिंग्टनच्या गॅलिंजर इस्पितळात याची चाचणी सुरू होती, तेव्हा कमी प्राणवायूच्या गटातल्या बाळांचा प्राणवायू काही नर्स रात्री गुपचूप वाढवायच्या. मायेपोटीच. खरं काय ते चाचण्यांनीच दाखवलं, आणि १९५४ नंतर प्राणवायू मोजूनमापून द्यायला सुरुवात झाली. आमच्या तालुक्यापर्यंत ते पोचलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

राहिला तुमचा ‘मजूर बाप’. आमची सध्याची ट्रायल आहे ती कमी वजनाच्या बाळाचं नळीतून द्यायचं दूध हळूहळू वाढवायचं की भरभर, याची. मागच्या महिन्यात ऊसतोडीवरून आलेला एक बाप रात्री एनआयसीयूच्या दाराशी उभा होता, पायाला चिखल तसाच. मी सगळं समजावलं आणि नेहमीप्रमाणे म्हटलं, आता तुम्हाला काय कळलं ते मला सांगा. तो म्हणाला, “म्हंजी कंचं बरं त्ये तुमालाबी ठावं न्हाई, व्हय ना डाक्टरीनबाई?” एवढं नेमकं मला आमच्या एथिक्स कमिटीच्या, म्हणजे अभ्यास नैतिक आहे ना हे तपासणाऱ्या समितीच्या, बैठकीतही कुणी विचारलेलं नाही. मी ‘हो’ म्हटलं. त्याने विचार केला आणि नकार दिला. बाळाला त्या रात्री जे मिळायचं तेच मिळालं, दर दोन तासांनी, माझ्याच हाताने. त्याला काही कळत नाही असं तुम्ही कशावरून ठरवलंत? तो गरीब आहे एवढ्यावरून?

फॉर्मची पानं आणि अभ्यासानंतरचं फॉलो-अप याबद्दल नियम आहेत, कमिट्या आहेत, त्या बघतात. त्यात मी आत्ता शिरत नाही.

सर, तुम्ही ‘उंदीर’ हा शब्द मागे घ्यावा, एवढीच विनंती. आमच्याकडून घरी गेलेल्या बाळांचे काही आईबाप हा ब्लॉग वाचतात. त्यातल्या एका आईने काल रात्री तुमच्या प्रतिसादाचा फोटो मला पाठवला. सोबत एक शब्दही लिहिला नव्हता.