हयातीचा दाखला, सकाळी सातच्या आत

नोकरीची शेवटची काही वर्षं मी बँकेत पेन्शनचं टेबल सांभाळलं. नोव्हेंबर उजाडला की हयातीचे दाखले द्यायला रांग लागायची. कुणी काठी टेकत यायचं, कुणी सुनेचा हात धरून. कुणाला पायऱ्याच चढवत नसत, त्यांची रिक्षा दाराशी उभी राहायची. मग मीच फॉर्म आणि शाईचं पॅड घेऊन खाली उतरायचो. समोर बसून माझ्याकडे प्यायला पाणी मागणाऱ्या माणसाला ‘तुम्ही हयात आहात असं इथे सही करून द्या’ म्हणताना जीभ जड व्हायची. 2014 मध्ये सरकारनं ‘जीवन प्रमाण’ आणलं आणि काम बोटाच्या ठशावर आलं. तरी दाखला वर्षातून एकदाच. माझ्या लेकीचं तेवढ्यावर भागत नाही. तिला तो रोज लागतो, सकाळी सातच्या आत.

लेक-जावई डॅलसला असतात, आम्ही दोघं नाशकात, गंगापूर रोडला. गेल्या दिवाळीत ती यायच्या आधीच तिच्या नावाची खोकी घरी येऊन पडायला लागली. निघाले काय, तर बल्ब, प्लग, स्विच, सेन्सर आणि एक बोलणारी डबी. “बाबा, तुमचं रोजचं सगळं सोपं करून टाकते. रुटीन लावून देते, तुम्ही काहीसुद्धा करायचं नाही.” रुटीन म्हणजे अमुक झालं की तमुक आपोआप व्हावं, असं एकदाच सांगून ठेवायचं. मी म्हटलं, “स्टँडिंग इन्स्ट्रक्शन म्हण की. पाच तारीख आली की रिकरिंगचा हप्ता वळता करा.” ती म्हणाली, “हो, तसंच.”

तसंच मुळीच नाही. बँकेत एकानं नोंद केली की दुसरा ती तपासतो, मगच पैसे हलतात. मेकर वेगळा, चेकर वेगळा. इथे मेकर डॅलसला बसलाय आणि चेकरची जागा भरलेलीच नाही.

वायरमन आला. त्यानं हॉलचा बोर्ड उघडला, आत टॉर्च मारला आणि मान हलवली. “काका, बोर्डात न्यूट्रलच नाही. या स्विचांना न्यूट्रल पाहिजे. जुन्या घरात दिव्यांच्या बोर्डाला नुसती फेज आणून सोडलेली असते.” मग न्यूट्रल ओढायचं ठरलं. वसुबारसेला, दिवाळीसाठी नुकत्याच रंगवलेल्या भिंतीत छिन्नी घुसली. ही काहीच बोलली नाही. करंज्यांचं ताट उचललं आणि स्वयंपाकघराचं दार आतून लावून घेतलं. संसाराला इतकी वर्षं झाल्यावर बोलण्यापेक्षा दार लावणं जास्त ऐकू येतं.

सुट्टी संपली, लेक परत गेली आणि आमचं सोपं आयुष्य सुरू झालं.

सुरुवात गिझरपासून. निफाडचा पारा उतरला की पहाटे नाशकातही नळाला हात लावायचं धाडस होत नाही. म्हणून साडेपाचला गिझर चालू, सहाला बंद. कागदावर उत्तम: 15 लिटरचा, 2 किलोवॅटचा गिझर, वीसेक मिनिटांत पाणी कढत, पाऊण युनिटही जळत नाही. पण आंघोळ झाली की भिंतीवरचं बटण बंद करायचं, हे माझ्या हाताला पाठ आहे. तो मला विचारत बसत नाही. बटण बंद म्हणजे प्लगही झोपला. पहाटे हुकूम सुटायचा आणि बाथरूमच्या दाराशी येऊन अडायचा. लेकीनं फर्मान काढलं, कुठल्याही बटणाला हात लावायचा नाही. म्हणजे ‘पंखा कुणी चालू ठेवलाय?’ या एका वाक्यावर जिला लहानाची मोठी केली, तिनंच आता सगळी बटणं कायमची चालू ठेवायला लावली. हिनं प्रत्येक बटणावर चिकटपट्टी मारून वर स्केचपेननं लिहिलं, ‘हात लावू नये’. पाहुण्यांना वाटतं, घराला शॉक येतो.

शिवाय ही मंडळी नुसती बसूनही वीज खातात. एक वॉट वर्षभर चालू राहिला की 8.76 युनिट होतात. घरात असे बसून खाणारे किती आणि त्यांचे वर्षाचे युनिट किती, याचा हिशेब मी ओळी आखून, फोटो काढून लेकीला पाठवला. तिकडून नुसता अंगठा आला.

ओट्यावरच्या दिव्याची कथा जरा वेगळी. तो सूर्यास्ताला लागावा आणि सूर्योदयाला विझावा अशी योजना होती. योजना छानच, कारण नाशकात जूनअखेर सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो आणि नोव्हेंबरअखेर सहाच्या आसपास, तेव्हा घड्याळाची एकच वेळ लावून भागत नाही. पण दिवा पहाटे पाचच्या ठोक्याला लागायचा, दिवसभर उन्हात जळायचा आणि संध्याकाळी अंधार पडला, डास आले, मी चप्पल शोधायला लागलो की पटकन विझायचा. समोरचे नाना रोज फाटकातून विचारायचे, “दिवसाढवळ्या दिवा लावून काय शोधताय?” अखेर उलगडा झाला. लेकीनं खातं उघडताना घराचा पत्ता स्वतःचा घातला होता. आमच्या ओट्यावर डॅलसचा सूर्य मावळत होता. तिकडे हिवाळ्यात साडेपाचच्या आत दिवस बुडतो, तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवसाचे पहाटेचे पाच वाजत आलेले असतात. पत्ता बदलल्यावर दिवा शुद्धीवर आला. नानांचा मात्र रोजचा एक प्रश्न गेला, त्याचं त्यांना अजून वाईट वाटतं.

बोलणाऱ्या डबीशी हिचं सुरुवातीपासून जमलं नाही. डबीला हिंदी आणि इंग्रजी येतं. हिचं हिंदी भाजीबाजारापुरतं. दिवेलागणीला ही तिच्यासमोर उभी राहून म्हणाली, “देवघर का लाइट लगाव.” डबीनं विचार केला आणि झारखंडमधल्या देवघर गावाचं तापमान सांगितलं. हिनं आवाज चढवून पुन्हा सांगितलं. तेव्हा डबीनं तिथलं बैद्यनाथ धाम बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक असल्याची माहिती दिली. झालं! “वैजनाथ परळीला आहे!” ही कडाडली. “आमच्या बीड जिल्ह्यात!” हिचं माहेर तिकडचं, त्यामुळे विषय दिव्याचा राहिला नव्हता. वात लावायची राहून गेली, पण परळीचा मुद्दा डबीपुढे तीन भाषांत मांडला गेला. लेकीनं दुसऱ्या दिवशी तिकडूनच देवघराचं नाव बदलून ‘लॅम्प फाइव्ह’ केलं. तेव्हापासून आमचा गणपती, अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण लॅम्प फाइव्हमध्ये राहतात.

आता मुख्य गोष्ट, हॉलमधला सेन्सर. पांढरं, सुपारीएवढं, कोपऱ्यात वर चिकटवलेलं. माणसाच्या अंगाची ऊब समोरून हलली की त्याला कळतं. हलली नाही तर त्याच्या दृष्टीनं माणूसच नाही. त्याचा भाऊ बाथरूममध्ये आहे. तिथे निवांत बसून पेपरातला अग्रलेख वाचायची माझी जुनी सवय. अग्रलेखात हलण्यासारखं काही नसतं, त्यामुळे दुसऱ्या परिच्छेदाला दिवा जातो. मग त्या अंधारात, त्या अवस्थेत, दोन्ही हात वर करून हलवायचे. लेकीला सांगितलं, तर म्हणाली, “मग बाबा, पेपर बाहेर वाचा ना.”

हॉलमधल्याकडे खातं अधिक गंभीर. सकाळी सातपर्यंत त्याला कुणी दिसलं नाही, की डॅलसला लेकीच्या फोनवर संदेश जातो. तिथे तेव्हा आदल्या संध्याकाळचे साडेसात झालेले असतात, ती जेवायला बसलेली असते. घास टाकून ती फोन लावते. आम्ही उचलला नाही, तर नानांना लावते. नाना येऊन बेल दाबतात. मी दार उघडतो. नाना मला खालून वरपर्यंत बघतात आणि फोनमध्ये सांगतात, “आहेत, आहेत.” एवढंच. घरी जातात.

थंडीत साखरझोपेतून असं उठवलं जाण्यापेक्षा मी दुसरा मार्ग धरला आहे. सातला दहा कमी असताना गजर होतो. मी उठतो, शाल गुंडाळून हॉलमधून एक फेरी मारतो, सेन्सरचा लाल ठिपका चमकला याची खात्री करून घेतो आणि परत येऊन झोपतो. ही पांघरुणातूनच विचारते, “दिला का दाखला?” तिला उठावं लागत नाही. सेन्सरला माणूस ओळखता येत नाही, दोघांपैकी कुणीही एक हललं की त्याचं समाधान होतं. बँकेत संयुक्त खात्याला ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ लिहायचे, म्हणजे दोघांपैकी कुणीही एक किंवा मागे उरेल तो, त्यातला प्रकार. हा विनोद मी हिला सांगितला. तिला आवडला नाही. पण त्या दिवसापासून अधूनमधून तीही फेरी मारायला उठते.

त्या सेन्सरला नुसता माणूसच चालतो असंही नाही, हे जळगावच्या लग्नात सिद्ध झालं. तुळशीचं लग्न लागलं की आमच्याकडची लग्नं सुरू होतात. हिच्या भाच्याचं होतं. गावाला निघताना गॅस बंद, नळ बंद, मेन स्विच बंद, मग कुलूप, मग कुलूप ओढून बघणं, हा आमचा क्रम लेकीच्या रुटीनपेक्षा जुना. मेन स्विच पडला आणि डॅलसच्या फोनवर आमचं घर एका क्षणात, शेवटच्या बल्बसकट, नाहीसं झालं. लेक झोपायच्या तयारीत होती. तिनं फोन केले. आमचे फोन हिच्या पर्समध्ये, पर्स गाडीच्या डिकीत, आणि पुढे वरातीचा बँड. मग नाना.

नानांकडे आमची किल्ली असते. ते आले, खोल्या पाहिल्या, पलंगाखालीही वाकून पाहिलं म्हणतात, आणि घरात लाइट नाही असं दिसल्यावर शेजारधर्म म्हणून मेन स्विच वर केला. या बल्बांची खोड अशी की वीज गेली आणि परत आली, की ते विचारपूस न करता पूर्ण प्रकाशात पेटतात. ते बदलता येतं म्हणे, एक सेटिंग असतं. आमच्यात कुणी बदललेलं नव्हतं. नाना हॉलमधून दाराकडे जाताना सेन्सरनं त्यांना टिपलं. डॅलसला निरोप पोचला की घर परत आलं आहे आणि हॉलमध्ये हालचाल आहे. लेकीला हायसं वाटलं, ती झोपली. नानांनी ‘घरात कुणीच नाही’ सांगायला केलेले फोन उशीखाली वाजत राहिले.

आम्ही तिकडे पंगतीत, आणि इकडे आमचं घर रात्रभर झगमगत होतं. पहाटे दूधवाल्यानं दिवे पाहून पिशव्या टाकल्या. पेपरवाल्यानं बंद केलेला पेपर टाकला. कामाच्या मावशी दोनदा बेल वाजवून गेल्या आणि चार घरी सांगून आल्या की काका-काकू आत आहेत पण दार उघडत नाहीत. संध्याकाळी आम्ही फाटकात रिक्षातून उतरलो, तेव्हा कॉलनीनं आमच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, तसं पाहून घ्यायला माणसाला एरवी मरावं लागतं. लेकीला सगळं सांगितलं. ती रागावलीच, “मग जाताना सांगायचं ना!” हे वाक्यही आमच्याच घरचं. कॉलेजात असताना ती मैत्रिणीकडे राहायची आणि मी रात्री दहा वाजता हॉलमधून येरझाऱ्या घालायचो, तेव्हा ते माझ्या वाट्याचं होतं.

हिनं मात्र त्या दिवशी वेगळाच मुद्दा काढला. “तिला आपलं घर दिसतं, मग तिचं आपल्याला का नको? एकतर्फी कसं?” लेकीकडेही सगळं असंच आहे, उलट जास्तच. तिनं कौतुकानं आईला आपल्या घरात सदस्य म्हणून घातलं. आईला कुठे काय कळतंय, असा हिशेब. डबीशी वाद घालणारी बाई फोनवर तासाभरात तरबेज झाली.

आता रोज सकाळी अकराला मावशी भांडी घासून गेल्या, की ही चष्मा लावून पलंगावर बसते आणि डॅलसला जाते. तिकडे रात्रीचे साडेअकरा. “बघा, दिवाणखाना चालू. स्वयंपाकघर चालू. कुणी नाही तिथे, तरी चालू. उद्या ऑफिस नाही का यांना?” मग एकेक करून बंद. परवा तिनं एक जास्तीचा बंद केला. दोन मिनिटांत फोन वाजला. जावयांचा आवाज, दबका, घुमल्यासारखा, “आई, मी बाथरूममध्ये आहे.”

“अगोबाई! थांबा हं, लावते,” ही म्हणाली, आणि चष्मा वर-खाली करत बटण शोधायला लागली. ते काही लवकर सापडेना. “तोवर तुम्ही हात हलवून बघा. यांचा लागतो तसा. आणि एवढ्या रात्री डोक्यावरून पाणी घेऊ नका, सर्दी होईल.”