खाज थांबली म्हणजे गजकर्ण गेले, हे साफ चूक आहे

पावसाळ्यात पुण्यात कपडे नीट वाळेनासे झाले की गजकर्णाच्या तक्रारी वाढतात आणि त्यांच्यामागोमाग 'गजकर्णावर रामबाण उपाय' हा संदेशही घरोघर फिरू लागतो. यंदा तो कोथरूडला राहणाऱ्या माझ्या मामीपर्यंत पोहोचला आणि तिने तो तंतोतंत पाळला, म्हणून हे लिहिणे भाग पडले. संदेश सांगतो की डॉक्टरांकडे न जाता दुकानातून तीन औषधे एकत्र असलेल्या मलमाची ट्यूब आणावी, खाज थांबताच ती बंद करावी, गोळ्यांनी यकृत खराब होते म्हणून त्या टाळाव्यात आणि ट्यूब नसेल तर घरात उरलेले अँटिबायोटिक घ्यावे.

अँटिबायोटिकचा मुद्दा दोन वाक्यांत संपतो. ती औषधे जिवाणूंवर चालतात, आणि गजकर्ण बुरशीमुळे होते.

खरा घात आहे तो मलमाच्या सल्ल्यात. या ट्यूबमध्ये बुरशीवरचे औषध आणि अँटिबायोटिक यांच्या जोडीला बहुधा क्लोबेटासोलसारखे अतिशय तीव्र स्टिरॉइड असते. गजकर्णातली लाली आणि खाज ही मुख्यतः बुरशीविरुद्ध आपल्या शरीराने चालवलेल्या प्रतिकाराची लक्षणे असतात. स्टिरॉइड तो प्रतिकारच दाबून टाकते, त्यामुळे रुग्णाला बरे वाटते आणि बुरशीला मात्र मोकळे रान मिळते. मामीच्या कमरेवरच्या चट्ट्याला सुरुवातीला उंचावलेली, खवलेदार, गोल कड होती. मलम सुरू-बंद करता करता ती कड पुसली गेली, चट्टा पोटापर्यंत पसरला आणि जांघेत जांभळट भेगा पडल्या. अशा भेगा कायमच्या राहू शकतात. शिवाय कडच ओळखू येईनाशी झाली की निदानही अवघड होते, कारण सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचे खवले याच कडेवरून खरवडून घेतात.

हे एका घरापुरते असते तर एवढे लिहिले नसते. भारतीय उपखंडात फोफावलेल्या बुरशीच्या एका प्रकाराला २०२० मध्ये 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनिए' असे नाव मिळाले, आणि मे २०२३ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने न्यूयॉर्कमधील याच बुरशीच्या दोन रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. दोघींनाही टर्बिनाफिन या बुरशीवरच्या नेहमीच्या औषधाचा उपयोग झाला नव्हता, आणि त्यांपैकी एकीने बांगलादेशात असताना अशीच स्टिरॉइडमिश्रित मलमे वापरली होती. बुरशीच्या पेशीचे आवरण टिकण्यासाठी अर्गोस्टेरॉल लागते, जे आपल्या पेशींत नसते. टर्बिनाफिन ते तयार करणाऱ्या एका विकराला (एन्झाइमला) अडवते. त्या विकराच्या जनुकात बदल झाला की औषध तिथे नीट बसतच नाही. इट्राकोनॅझोल हे बुरशीवरचे दुसरे औषध त्याच साखळीतल्या पुढच्या विकरावर काम करते, म्हणून ते अनेकदा लागू पडते. मात्र कोणाला काय द्यायचे हे तपासूनच ठरवावे लागते.

'खाज थांबताच बंद' हेही घातकच आहे. त्वचा स्वच्छ दिसू लागल्यानंतरही वरच्या थरात बुरशी उरलेली असू शकते, म्हणून डॉक्टर उपचार काही आठवडे चालू ठेवायला सांगतात.

गोळ्या आणि यकृत यांविषयी मात्र संदेशात अर्धे सत्य आहे, ते नाकारता येत नाही. किटोकोनॅझोल या बुरशीवरच्याच आणखी एका औषधाच्या गोळ्यांमुळे यकृताला गंभीर इजा होऊ शकते म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्ये त्यांच्या वापरावर कडक मर्यादा घातल्या. टर्बिनाफिन आणि इट्राकोनॅझोलनेही क्वचित यकृताला त्रास होतो, आणि हृदय कमजोर असलेल्यांना इट्राकोनॅझोल गजकर्णासाठी देत नाहीत. परंतु यातून निघतो तो डॉक्टरांच्या देखरेखीचा आणि गरजेनुसार रक्ततपासणीचा मुद्दा. स्टिरॉइडची ट्यूब हा त्याला पर्याय कसा ठरतो? आपण रक्त पातळ करण्याची, कोलेस्टेरॉलची किंवा आम्लपित्ताची कोणती गोळी घेतो, हेही डॉक्टरांना आधी सांगावे लागते, कारण आम्लपित्ताच्या औषधाबरोबर इट्राकोनॅझोलची कॅप्सूल पोटात नीट शोषली जात नाही आणि मग महिनाभर गोळ्या घेऊनही गजकर्ण तसेच राहू शकते.