ब्रेक मिळालेल्यांचं काय?

परवा फोनवर मामेभावाशी पुन्हा तोच वाद झाला. कारखान्यांत ऐंशी टक्के भूमिपुत्र हवेत म्हणजे हवेतच! हरयाणाने खासगी नोकऱ्यांत ७५ टक्के स्थानिकांचा कायदा केला होता, तो उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये रद्द केला, हे त्याला सांगून उपयोग नव्हता. मला खटकतं ते वेगळंच. आपला सगळा तंटा भरतीचा. काम आटल्यावर गेटाबाहेर कोण जातो, यावर कुणी मोर्चा काढत नाही.

२००९ मध्ये जर्मनीचं उत्पन्न पाच टक्क्यांहून जास्त घसरलं. स्टुटगार्टजवळच्या आमच्या सुट्या भागांच्या कारखान्यात ऑर्डरी जवळपास थांबल्या, पण आम्हाला काढलं नाही. आठवड्यात तीनच दिवस बोलावू लागले. याला इथे ‘कुर्त्सआर्बाइट’ म्हणतात. हातात येणाऱ्या पगाराचा जो भाग बुडतो त्याच्या ६० टक्के, मूल असेल तर ६७ टक्के रक्कम बेकारी विम्याच्या निधीतून मिळते. त्या वर्षी देशभरात चौदा लाखांवर लोक असे अर्धवट कामावर होते. पुढच्या वर्षी ऑर्डरी आल्या तेव्हा मशीन सेट करणारे जुने हात जागेवरच होते.

सगळेच नव्हते म्हणा. एजन्सीकडून आलेली पोरं पहिल्या झटक्यातच गेली. कँटीनमधली खिडकीजवळची दोन टेबलं एका शुक्रवारनंतर रिकामी पडली, आणि आम्ही परमनंटवाले मुकाट्याने तिकडे सरकून बसलो.

कामाविना बसवलं तर निम्मं वेतन द्यावं, हे आपल्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातही होतं. पण त्याला वर्षभराची सलग नोकरी लागे, आणि बदली-कॅज्युअल कामगार त्यातून वगळलेले. चाकणमध्ये मंदीचा भार नेमका अशा कच्च्या कामगारांवर पडतो. २०१९ मध्ये वाहनविक्री पडली तेव्हा मामेभावाला ठेकेदाराने ‘ब्रेक’ दिला, म्हणजे काम नाही म्हणून घरी बसवलं. खोलीचं भाडं परवडेना म्हणून तो लातूरला परतला. वेल्डिंगमध्ये तीन वर्षं बसलेला हात सोयाबीनच्या रानात गेला, आणि कंपनीला पुढे नवा पोरगा पहिल्यापासून शिकवावा लागला. स्थानिक ठेवा की परका, असा हात दर मंदीत घालवणं कुठल्या हिशेबात बसतं?

तेजी आल्यावर तो परतला. गेट तेच, लाइन तीच, ठेकेदार मात्र दुसरा. नव्या ओळखपत्रावर रुजू झाल्याची तारीखही नवीच.