दुकानदार आणि होमगार्ड

१९७१ च्या भारत-पाकिस्तान युद्धकाळातील ठाणे जिल्ह्यावर वाचलेल्या एका लेखात होमगार्ड या स्वयंसेवक दलाचा उल्लेख एकाच वाक्यात आटोपला आहे, म्हणून थोडी भर घालतो. मोरारजी देसाई मुंबई प्रांताचे गृहमंत्री असताना डिसेंबर १९४६ मध्ये स्थापन झालेल्या या दलात पगारी शिपाई नव्हते, तर शिक्षक, शेतकरी आणि माझ्या वडिलांसारखे दुकानदार होते. शहापूर तालुक्यात आमचे किराणा मालाचे छोटे दुकान होते. ३ डिसेंबरच्या संध्याकाळी हवाई हल्ल्यांची बातमी रेडिओवर आली आणि दुसऱ्या दिवसापासून वडील दिवेलागणीलाच फळ्या लावून, खाकी गणवेश चढवून, लाठी आणि शिट्टी घेऊन वासिंदकडच्या रेल्वेमार्गावर गस्तीला जाऊ लागले. आमच्या गावात तेव्हा वीजच नव्हती, त्यामुळे ब्लॅकआउट, म्हणजे हल्ल्याच्या भीतीने रात्रीचा उजेड झाकणे, आमच्याकडे म्हणजे कंदिलाच्या काचेला तीन बाजूंनी काजळी फासणे आणि दाराला गोणपाट लावणे एवढेच. तरीही एखाद्या फटीतून उजेड दिसला, तर ते दार ठोठावत. ज्यांना दटावायचे तेच सकाळी रॉकेल आणि गूळ न्यायला येत, हा खरा पेच होता. एक-दोघांनी रागाने उधारीच थकवली! आईने मात्र त्या दोन आठवड्यांत वजनमाप, हिशेब आणि साठ्यासाठी अडून बसणारी गिऱ्हाइके एकटीने सांभाळली. सेवेचे प्रमाणपत्र वडिलांच्या नावाचे आहे. त्या दिवसांची उधारीची वही आईच्या अक्षरातली आहे. दोन्ही आज कळव्याच्या घरात एकाच पेटीत आहेत.