मामांच्या फॉरवर्डमधला वाढणारा दगड आणि 'निर्जीव' बी

घरच्या ग्रुपवर मामांनी परवा एक फॉरवर्ड टाकला, गेला महिनाभर तो सगळीकडंच फिरतोय. थोडक्यात असा: दगड वाढतो म्हणजे तो सजीव, आग खाते, श्वास घेते, पसरते म्हणजे तीपण सजीव, जगदीशचंद्र बोसांनी धातूलाही जीव असतो हे सिद्ध केलंय, पेरायच्या आधीचं बी मात्र निर्जीव, माती त्याच्यात जीव घालते, आणि व्हायरस कशात बसवायचा हेच शास्त्रज्ञांना ठरवता येत नाही म्हणजे हा फरकच खोटा. मामांनी राग मानू नये, पण लिहिल्याशिवाय राहवेना.

दगडापासनं. दरवर्षी तिळाएवढा वाढणारा दगड गावोगावी असतोच, आमच्याही माळावर हाय. आपल्याकडचा काळा दगड म्हणजे साधारण 6.5 कोटी वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा. तीळ 2 मिलिमीटरचा धरा आणि गुणाकार करा, दगड 130 किलोमीटर उंच पाहिजे होता! पावसानं भोवतालची माती धुपते आणि दगड उघडा पडत जातो, एवढंच. बरं, निर्जीव वस्तू वाढतच नाही असंही नाही, दोऱ्यावर खडीसाखर वाढतेच की, पण ती पाकातली साखर येऊन बाहेरनं चिकटते, साखरेवर साखर. ऊस हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि मुळातनं पाणी घेतो आणि उन्हावर त्याची साखर करतो, घेतलं एक आणि आत बनवलं दुसरंच. सजीवांची वर्गवारी करणाऱ्या लिनियस या शास्त्रज्ञानं 1735 मध्येच लिहून ठेवलंय की दगड वाढतात, वनस्पती वाढतात आणि जगतात. म्हणजे दगड वाढतो असं मानणारा माणूससुद्धा त्याला जिवंत म्हणत नव्हता.

आगीचा मुद्दा मला आवडला, खरं सांगतो. गुऱ्हाळावर चुलवाणासमोर बसलेल्या कुणालाही विचारा, चिपाडं कमी पडली की ती भुकेल्या म्हशीगत वागते, हवा मागते, राख टाकते, एका ठिणगीनं शेजारची गंजी पेटवते. तरी तिच्यात एक गोष्ट नाही, वाण. उसाच्या 86032 या वाणाची कांडी लावली की 86032 च येतो, 265 लावला तर 265, फुटवे, उंची, साखर सगळं बेण्यातनं येतं. आग काडीनं पेटवा, लायटरनं पेटवा नाहीतर देवापुढच्या निरांजनावरनं, चुलवाणात गेली की ती चिपाडाचीच आग, कुठनं आली याची कसलीच खूण पुढं जात नाही. बेण्यात डीएनए असतो, त्याची नक्कल होताना बारीक चुका होतात आणि त्या साठत साठत पिढ्यांनंतर जीव बदलत जातो. आगीत चुकायलाच काही नाही.

बोसांच्या नावावर तर काहीही खपवतात. त्यांनी 1901 मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये दाखवलं की धातूला आणि झाडाला डिवचलं की विजेचा प्रतिसाद सारख्याच तऱ्हेचा येतो, आणि सजीव-निर्जीवात रेघ मारणं अवघड असं त्यांचं स्वतःचंही मत होतं, ते लपवण्यात अर्थ नाही. पण प्रतिसाद सारखा आला म्हणून कथिल काही जेवत नाही की त्याला पोरं होत नाहीत. आणि झाडाला जीव असतो हे बोसांनी शोधलं, हेपण दर 30 नोव्हेंबरला, त्यांच्या जयंतीला, येतंच. अहो, दिवेलागणीनंतर तुळशीला हात लावू नको, झोपलीय, असं आज्जी सांगायची ती काय बोसांचं वाचून?

व्हायरसवर मामा थोडे बरोबर आहेत. तंबाखूच्या पानावर रोग पाडणाऱ्या व्हायरसचे 1935 मध्ये वेंडेल स्टॅन्ली या शास्त्रज्ञानं चक्क स्फटिक केले, आणि तेच विरघळवून पानावर चोळले की रोग परत चालू. वाण आहे पण स्वतःचं स्वयंपाकघर नाही, दुसऱ्याच्या पेशीत घुसून शिजवून घेतो. वाद आहे, असू दे. तंबाखूवाली निपाणी महाराष्ट्रात पाहिजे की कर्नाटकात यावर भांडण आहे म्हणून कोल्हापूर आणि बेंगळुरू एकच गाव होत नाही.

बियाच्या मुद्द्यावर मात्र मला राग आला, शेतकऱ्यांच्या घरात असलं काय फिरवता? माती जीव घालत असती तर भाजलेले शेंगदाणे पण उगवले असते. वाळलेलं बी झोपलेलं असतं, त्याचा श्वास अगदी मंद चालतो. इस्रायलमध्ये मसादाच्या किल्ल्यावर सापडलेली साधारण 2000 वर्षांपूर्वीची खजुराची बी 2005 मध्ये लावली आणि उगवली. उलट सोयाबीनचं बी दोन वर्षं पोत्यात राहिलं की बरंचसं मरतं, आणि मरतं म्हणजे आधी जिवंत होतं. दगड कधी मेल्याचं ऐकलंय का?

मामा, गेल्या वर्षीचं घरचं सोयाबीन ठेवलंय न्हवं तुम्ही, मृगाच्या आधी 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा, माती अजिबात लावू नका, आठवड्यानं किती उगवले मोजा आणि 70 च्या खाली आले तर एकरी बी वाढवा. कडेला माळावरचा एक खडा पण ठेवा पाहिजे तर.